रोजच्या वापरातली एमएक्स-५: आधी सस्पेन्शन की आधी एक्झॉस्ट?

वळणवेडा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

गाडी माझ्दा एमएक्स-५, म्हणजे दोन सीटची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. एनडी मॉडेल, २०१९ ची, क्लब ट्रिम, मॅन्युअल. २ लिटर, १८१ हॉर्सपॉवर, ७५०० आरपीएमपर्यंत आनंदानं फिरणारं इंजिन. बिल्स्टीनचे शॉक आणि लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल (एक मागचं चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) कंपनीतूनच आलंय. मी दुसरा मालक, मीटरवर ५८,००० मैल. सोमवार ते शुक्रवार कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून ऑफिस, आणि शनिवारी पहाटे हायवे ८४ नं वर चढून स्कायलाइन बुलेवार्ड. घरात दुसरी गाडी नाही.

दोन गोष्टी डोक्यात आहेत. पहिली, गाडी वळणात फार कलते. ८४ वर ला होंडाच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. रेडवुडच्या सावलीत डांबर कायम ओलसर, आणि बरोबर मध्यावर मुळांनी उचललेला उंचवटा. मागच्या महिन्यात तिथे साधारण ४० मैलांच्या वेगात होतो. गाडी बाहेरच्या बाजूला पूर्ण कललेली, डावं चाक उंचवट्यावर गेलं आणि खालून ‘ठक्’ असा कोरडा आवाज आला. मागचा भाग हातभर बाहेर सरकला. सावरली, पण समोरून कुणी येत असतं तर काय, या विचारानं पुढचे चार मैल हात थरथरत होते.

दुसरी, आवाज. इतकं सुंदर इंजिन आणि शिलाई मशीनसारखा आवाज.

बजेट ३,००० डॉलर. नवे कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे जोड) आणि पूर्ण एक्झॉस्ट दोन्ही त्यात नीट बसत नाही. शिवाय दिवाळीनंतर आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी येतेय. तिला मणक्याचा त्रास आहे आणि तिला फिरवायचं ते याच गाडीतून. आधी काय करू?

शून्यशतक

पैसे खिशात ठेवा आणि आधी टायर बघा. टायरच्या बाजूवर डॉट कोडचे शेवटचे चार आकडे काय आहेत? ब्रँड, साइझ, किती रबर उरलंय तेही लिहा.

वळणवेडा

बघून आलो. ३१२०, म्हणजे २०२० च्या ३१ व्या आठवड्यातले. २०५/४५ आर १७, ऑल-सीझन, आधीच्या मालकानं टाकलेले. रबर साधारण ४/३२ इंच.

शून्यशतक

मग निम्मं उत्तर तिथेच मिळालं. जुन्या, कडक झालेल्या ऑल-सीझन टायरवर तुम्ही जगातलं सगळ्यात महागडं सस्पेन्शन टाकलंत तरी रस्त्याला चिकटणार ते टायरच. या गाडीसोबत मुळात पोटेन्झा एस००१ सारखे समर टायर यायचे, ते उगाच नाही. बे एरियात बर्फ नाही, तुम्हाला ऑल-सीझनची गरजच नाही. चार चांगले समर टायर, त्यासोबत अलाइनमेंट, आणि मग महिनाभर काही करू नका. नुसती चालवा.

आणखी एक, कधी ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाशी शर्यत) यायचा विचार असेल तर स्प्रिंगला हात लावण्याआधी नियम वाचा. एससीसीए या अमेरिकेतल्या हौशी शर्यतींच्या संघटनेच्या स्ट्रीट वर्गात शॉक बदलता येतात, अँटी-रोल बारही (डावं-उजवं चाक जोडून कलणं रोखणारा दांडा) एक बदलता येतो. स्प्रिंग बदलली की गाडी वरच्या वर्गात जाते आणि तिथे सगळे पूर्ण तयारीनं आलेले असतात.

पानेवाली

वळणवेडा, तुमचं वर्णन वाचून राहवलं नाही. मी चाकणला अकरा वर्षं शॉक अॅब्सॉर्बरच्या टेस्टिंगमध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाडी किती कलते आणि किती लवकर कलते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. लांब, एकसारख्या वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की शॉकचा दांडा हलत नाही. दांडा हलत नाही म्हणजे शॉक काहीच करत नाही. तिथे गाडीला धरून ठेवतात स्प्रिंग आणि अँटी-रोल बार. उलट डावं-उजवं-डावं अशी पटापट वळणं आली की गाडी एका अंगावरून दुसऱ्या अंगावर किती झपाट्यानं जाते, ते शॉक ठरवतो. म्हणून ‘कलते’ एवढं पुरेसं नाही. कुठे कलते ते सांगा. लांब वळणात त्रास असेल तर बार बघा. नागमोडी रस्त्यावर गाडी मागून ढकलल्यासारखी वाटत असेल तर शॉक.

आता तो ‘ठक्’. माझ्या मते तो बंप स्टॉपचा आहे. शॉकच्या दांड्यावर फोमचा एक ठोकळा असतो. चाक फार वर आलं की शॉकचं अंग त्याला टेकतं. हलकेच टेकलं तर काही बिघडत नाही, कित्येक गाड्यांत ते हिशेबात धरलेलंच असतं. पण पूर्ण दाबलं गेलं की त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात कित्येक पट कडक होते. वळणाच्या ऐन मध्यात एक चाक अचानक दगडासारखं झालं तर त्या चाकाची पकड सुटते. तुमची गाडी आधीच त्या बाजूला कललेली होती, म्हणजे तिथला प्रवास बराचसा वापरून झाला होता. उंचवट्यानं उरलेला संपवला.

खात्री करायची असेल तर शॉकच्या उघड्या दांड्यावर, खाली सीलला टेकवून, एक बारीक केबल टाय बांधा. त्याच रस्त्यावरून, पण सांभाळून, एक फेरी मारा आणि टाय कुठवर सरकला ते मोजा. फोमपर्यंत गेला असेल तर उत्तर समोर आहे.

यामुळेच एक गोष्ट कळकळीनं सांगते. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग जुन्याच शॉकवर टाकू नका. गाडी २५ मिमी खाली आली की वरच्या दिशेचा तेवढाच प्रवास गेला. तुमच्याकडे जे आधीच कमी पडतंय तेच तुम्ही आणखी कमी करणार. शिवाय डबल विशबोन (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेलं सस्पेन्शन) खाली बसवल्यावर रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं, त्यामुळे कलवणारी तरफ उलट लांब होते. स्प्रिंग कडक झाल्याचा निम्मा फायदा तिथेच जातो.

स्प्रिंगच्या कडकपणाचा अंदाज हवा असेल तर एक सोपा हिशेब आहे. चाकावर गाडी सेकंदाला दीड वेळा डोलते असं धरलं, तर स्वतःच्या वजनानं ती साधारण ११० मिमी दबलेली असते. हेच दोन वेळा केलं तर ६२ मिमी. दीडला रोज बसवतं. दोनला तरुण माणसालाही महिन्याभरात पाठ जाणवते. तुमच्या आईसाठी दोनच्या जवळपासही जाऊ नका.

बारचं तसं नाही. दोन्ही चाकं एकदम वर गेली, म्हणजे स्पीड बंपवर, तर बार नुसता आपल्या बुशमध्ये (रबराच्या पकडीत) फिरतो, काही कडकपणा देत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की पिळला जातो आणि तो धक्का थोडा आत येतो. म्हणून घरच्यांना घेऊन फिरायच्या गाडीत कलणं कमी करायचं तर माझं मत नेहमी बारच्या बाजूनं असतं. पुढचा बार थोडा जाड, मागचा तसाच. मागचाच तेवढा कडक केलात तर ओल्या रस्त्यावर मागचा भाग आधी सुटेल, आणि तुमची ती जागा तर कायम ओली असते.

आधी गाडी उचलून शॉक नीट बघून घ्या. ५८,००० मैल म्हणजे ९३,००० किलोमीटर. सीलभोवती तेलाचा ओला पट्टा दिसला तर पुढचं सगळं बोलणं बाजूला ठेवा.

वळणवेडा

ताई, इतकं समजावून सांगितलंत, मनापासून आभार. गाडी कलते ती लांब वळणात, आणि नागमोडी वळणांत मागचा भाग एक क्षण उशिरा येतो, म्हणजे दोन्ही. शनिवारी केबल टाय बांधून जातो.

तळेगावकर

ताईंच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी ते स्वतःच्या पैशानं शिकलो, म्हणून लिहितो.

माझी ऑक्टाव्हिया आरएस २३०. चार वर्षांपूर्वी स्वस्तातले कॉइलओव्हर टाकले, गाडी दोन बोटं खाली बसवली. फोटोत फार देखणी दिसायची. पहिल्या पावसाळ्यात ताम्हिणीत गाडीनं कंबरडं मोडलं. खड्डा आला की आधी ठोका, मग रबराचा कुईं असा आवाज. आपल्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीत आहेतच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे गाडी अलगद चढून उतरते. आमच्या सोसायटीबाहेरचा हातभर रुंद आहे आणि उंची तीच. तिथे पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पट्टी) दोनदा सोडला. अठरा महिन्यांत कॉइलओव्हरच्या आट्या चिखलानं आणि गंजानं जाम झाल्या, उंची बदलायची म्हटलं तर पाना फिरेना.

पण खरा घोटाळा निघाला तो बसवण्यात. ज्या गॅरेजमध्ये काम केलं तिथल्या माणसानं गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असतानाच कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) सगळे बोल्ट घट्ट केले होते. वर्षभरात पुढचे दोन्ही बुश फाटले.

आता मूळ उंचीवर, चांगल्या कंपनीचे शॉक आणि मूळ स्प्रिंगवर परत आलोय. गाडी पहिल्यापेक्षा वेगात वळते.

पानेवाली

तळेगावकरांनी बुशचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. कंट्रोल आर्मचा रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या कवचाला चिकटवलेला असतो. तो बेअरिंगसारखा फिरत नाही, पिळला जातो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर ती स्थिती त्याचा शून्य बिंदू होते, आणि गाडी जमिनीवर आली की बुश चोवीस तास पिळलेलाच राहतो. गाडी थोडी उंच बसते, कडक लागते आणि रबर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं सैल लावायचे, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर घ्यायची, दोनदा दाबून बसवायची आणि मग टॉर्क रेंचनं आवळायचे. अलाइनमेंट त्यानंतर. वळणवेडा, काम कुणालाही द्या, हे एक वाक्य आधी विचारून घ्या.

अलाइनमेंटसाठी पुढे साधारण दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा माथा आत झुकलेला), मागे तेवढाच किंवा किंचित जास्त, पुढचा टो (चाकांची नाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्याजवळ, मागे थोडा टो-इन. एनडीत हे सगळं मूळच्या कॅम बोल्टवर होतं, वेगळा पार्ट लागत नाही. मशीनवर असताना तुमच्या सीटवर तुमच्या वजनाएवढं ओझं ठेवायला सांगा. हजारेक किलोच्या गाडीत एका माणसानं फरक पडतो.

नादखुळा

एक्झॉस्टवर कुणी बोलेना म्हणून मी लिहितो. मूळ कोल्हापूर, सध्या डेट्रॉइट, काम गाड्यांच्या आवाजाचं आणि कंपनांचं.

पहिली गोष्ट, टर्बो नसलेल्या २ लिटर इंजिनावर कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागचा भाग बदलून मिळणारी ताकद हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. आवाज वाढला की गाडी पळते असं वाटतं, घड्याळ लावलं की ते वाटणं टिकत नाही. तेव्हा एक्झॉस्ट घ्यायचा तो कानासाठी घ्या. कानासाठी घेणं हे चांगलं कारण आहे, त्यात काही कमीपणा नाही. मग तो कानानंच निवडा.

तुम्ही रोज फ्रीवेवर असता, म्हणजे तुमचा शत्रू आहे ड्रोन, एकाच वेगाला डोक्यात घुमणारा तो आवाज. तुमच्या गाडीचा हिशेब मांडतो. एनडीचा सहावा गिअर थेट १:१, डिफरेन्शियल २.८६६, टायरचा घेर साधारण १.९४ मीटर. ७० मैलांना इंजिन फिरतं २,८०० च्या आसपास. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, म्हणजे सेकंदाला ९३ ठोके. ९३ हर्ट्झ. एवढ्याशा बंद केबिनमध्ये हा स्वर फार वाईट. टप उघडलात की बराचसा निघून जातो, पण ऑफिसला जाताना कोण उघडतंय!

तो मारायचा एक जुना उपाय म्हणजे मुख्य पाइपला एका टोकाला बंद अशी बाजूची नळी जोडणं. आवाजाची लाट आत जाते, टोकावर आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला खोडते. नळीची लांबी लाटेच्या पावपट हवी. ३०० अंश सेल्सिअसच्या गरम वायूत आवाज सेकंदाला ४८० मीटर धावतो, म्हणजे नळी जवळजवळ १.३ मीटर. एमएक्स-५ च्या पोटाखाली तेवढी जागा कुठली? म्हणून या गाडीसाठी रेझोनेटर (ठरावीक स्वर मारणारा डबा) असलेला किंवा मोठ्या मफलरचा सेट बघा आणि सरळ नळीवाल्यांच्या नादी लागू नका. इंटरनेटवरच्या व्हिडिओवर अजिबात विसंबू नका. फोनचा माइक खालचे स्वर गिळतो आणि ड्रोन नेमका तिथेच असतो. ज्याच्या गाडीवर तो एक्झॉस्ट आहे त्याच्या शेजारी बसून हायवे २८० वर अर्धा तास, ७० मैलांना, टप बंद करून फिरा.

शेजारचाही विचार करा. सकाळी थंड इंजिन कॅट तापवण्यासाठी मुद्दाम जास्त आरपीएमला फिरतं, दिवसातला सगळ्यात मोठा आवाज तेव्हाच असतो.

कॅलिफोर्नियाचा कायदा मोजका सांगतो. कॅट आणि त्याच्या पुढचं काहीही बदलायचं तर त्या पार्टला कार्बचा, म्हणजे राज्याच्या हवा मंडळाचा, ईओ (मंजुरी) क्रमांक हवा. कॅटच्या मागे मोकळीक आहे, पण आवाज ९५ डेसिबलच्या आत. स्मॉग चेकमधून, म्हणजे धुराच्या सक्तीच्या तपासणीतून, गाडीला पहिली आठ वर्षं सूट असते. ती संपली की दर दोन वर्षांनी तपासणारा माणूस डोळ्यांनीही बघतो. आज हौसेनं टाकलेला हेडर (इंजिनाला लागूनचे एक्झॉस्टचे पाइप) तेव्हा काढावा लागेल.

ईझारकाठ

म्युनिकहून. आमच्याकडे हिशेब वेगळा असतो, वाचणाऱ्यांपैकी कुणी जर्मनीत असेल तर उपयोगी पडेल. इथे पार्ट विकत घेण्याआधी त्याचा कागद बघायचा. एबीई (पार्टचा सर्वसाधारण परवाना) असेल तर कागद गाडीत ठेवला की बहुतेक वेळा भागतं. टाइलेगुटाख्टन (पार्टचा तपासणी अहवाल) असेल तर बसवल्यावर ट्यूफसारख्या संस्थेकडून तपासून नोंद करून घ्यावी लागते. काहीच नसेल तर गाडीचा परवानाच रद्द होऊ शकतो आणि अपघात झाला की विम्याचा प्रश्न उभा राहतो. एक्झॉस्टवर ई-मार्क (मंजुरीचा शिक्का) असेल तर काम सोपं. नोंदणीपत्रात यू.१ च्या रकान्यात उभ्या गाडीचा आवाज डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. पोलीस तोच आकडा घेऊन मोजतात.

सुरुवातीला मला हे सगळं जाचक वाटलं. आता वाटत नाही. या कागदांमुळे कचऱ्यातले कॉइलओव्हर बाजारातच कमी दिसतात.

तळेगावकर

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाजाचं कलम १९० वेगळं. पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात, ते बघून पोरांना वचक बसतो. पण ज्यानं सुसाट आवाज करून रात्री दोन वाजता सोसायटी उठवली त्याच्यामुळे नीट, शांत एक्झॉस्ट लावणाराही अडकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वळणवेडा

सात आठवडे झाले, काय केलं ते लिहितो.

पहिल्यांदा टायर आणि अलाइनमेंट. ताईंनी दिलेले आकडे कागदावर लिहून नेले आणि मशीनवर असताना स्वतःच सीटवर बसून राहिलो. त्याच शनिवारी ८४ वर गेलो. तेच वळण, वेग मुद्दाम कमी ठेवला, आणि तरीही कळलं की गाडी वेगळी आहे. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच आत येतं, आधी मधे एक विचार करायचं.

केबल टाय पुढच्या डाव्या शॉकवर फोमच्या आत गेला होता. मागचा उजवा शॉक काढायच्या आधीच हाताला तेल लागलं, सीलपासून खालपर्यंत काळा ओघळ. म्हणजे नागमोडी वळणांत मागचा भाग उशिरा येत होता त्याचं कारण इतके दिवस माझ्या मागेच लोंबकळत होतं. चारही शॉक बदलले, मूळ स्प्रिंगला जुळणारे बिल्स्टीनच घेतले, आणि पुढचा बार एक माप जाड. गाडी एक मिलिमीटरही खाली बसवली नाही. काम एका मित्राच्या गॅरेजमध्ये दोघांनी मिळून केलं. बुशचे बोल्ट रॅम्पवर, गाडीचं वजन चाकांवर असताना आवळले. नऊ तास लागले, त्यातला एक पूर्ण तास मागच्या एका गंजक्या बोल्टसाठी.

त्या उंचवट्यावर आता ‘ठक्’ नाही. गाडी एकदा खाली जाते, एकदा वर येते, आणि संपलं.

आई आली. तिला घेऊन ९२ नं हाफ मून बेला गेलो. जाताना तिनं दोन्ही हातांनी सीट धरली होती. येताना झोपली.

एक्झॉस्टसाठी दोघांच्या गाड्यांत बसलो. पहिली सरळ नळीवाली. बाहेरून ऐकताना अंगावर काटा आला, पण २८० वर दहा मिनिटांत कपाळ जड झालं. फोनवर स्वराचा आलेख लावून बघितला, खालचा उंच खांब ९३ च्या आसपासच होता. नादखुळा, तुमचा हिशेब त्या गाडीच्या मालकालाही दाखवला. दुसरी गाडी रेझोनेटरवाली. ३,००० च्या खाली काहीच कळत नाही, ४,५०० नंतर इंजिन बोलायला लागतं. तोच घेतलाय, फक्त मागचा मफलर आणि मधला पाइप, कॅटला हात नाही. शेजारी सहा महिन्यांचं बाळ आहे, म्हणून पहिल्या सकाळी आधी त्यांना विचारून मगच गाडी चालू केली. बाळ उठलं नाही.

नादखुळा

छान निवड. पाइप बसवताना सगळे क्लँप सैल ठेवून आधी पूर्ण लटकवलात ना? गरम झाल्यावर स्टेनलेस लांब होतो. मधला पाइप कुठे बोटभर अंतरापेक्षा जवळ असेल तर तिथे खडखड सुरू होईल. शंभरेक मैल झाले की गाडी थंड असताना क्लँप पुन्हा आवळा.

पानेवाली

आणि शॉकचे वरचे नट, बारच्या लिंकचे नटही त्याच वेळी टॉर्क रेंचनं तपासा. नव्या बारमधून टकटक आली तर दहापैकी नऊ वेळा लिंकच सैल असते. आईंना माझा नमस्कार सांगा.

वळणवेडा

शनिवारी सकाळी दोन्ही करतो. सांगितला ताई. ती विचारतेय तुम्ही चाकणला कुठे राहता, तिची मावशी राजगुरुनगरला असायची.